ब्लँच ब्रूस

सन १८७५ च्या मार्च महिन्यातील गोष्ट. वॉशिंग्टन येथे अमेरिकेच्या सिनेटमध्ये, म्हणजे तेथील कायदेमंडळाच्या वरिष्ठ सभागृहात, नवे सभासद शपथ घेत होते. नव्या सभासदाला त्याच्याच राज्याच्या दुसऱ्या सभासदाने शपथेसाठी पुढे घेऊन जावे, अशी तेथील रीत होती. मिसिसिपी राज्याचे ब्लँच ब्रूस यांचे नाव पुकारले गेले. पण त्या राज्याचे दुसरे सभासद जागचे हलले नाहीत. ब्रूस कृष्णवर्णीय होते. ते एकटेच चालू लागले. इतक्यात न्यूयॉर्कचे सभासद रॉस्को कॉन्क्लिंग उठले आणि ब्रूस यांचा हात धरून त्यांच्याबरोबर चालू लागले.

ब्रूस यांचा जन्म १८४१ साली व्हर्जिनिया राज्यात झाला. आई गुलाम म्हणून मुलगाही गुलाम, असा तेव्हाचा कायदा होता. धन्याच्या मुलाबरोबर त्यांना अक्षरओळख झाली, हेच काय ते भाग्य! यादवी युद्धाच्या काळात ते कॅन्सस राज्यात पळून गेले. तेथे लॉरेन्स गावी त्यांनी कृष्णवर्णीय मुलांसाठी शाळा काढली.

युद्धानंतर गुलामगिरी नष्ट झाली. ब्रूस मिसिसिपीत आले. तेथे जमीन विकत घेऊन त्यांनी कापूस पिकवला आणि संपत्ती मिळवली. करवसुली व शिक्षण या खात्यांची कामे करून त्यांनी लोकांचा विश्वासही संपादन केला.

सिनेटमध्ये सहा वर्षांची पूर्ण मुदत काम करणारे ते पहिले कृष्णवर्णीय सभासद होत. मुक्त झालेल्या गुलामांच्या ठेवींची एक पेढी १८७४ साली बुडाली होती. ब्रूस यांच्या अध्यक्षतेखालील समितीने तिच्या कारभाराची चौकशी केली. चिनी लोकांच्या आगमनावर निर्बंध घालणाऱ्या विधेयकालाही त्यांनी १८७९ साली विरोध केला. जो अन्याय आपण सोसला, तो इतरांच्या वाट्याला येऊ नये, अशी त्यांची वृत्ती होती.

१८८१ साली त्यांची मुदत संपली. दक्षिणेत कृष्णवर्णीयांचा मताधिकार दडपला जात होता. त्यामुळे ते पुन्हा निवडून येणे शक्य नव्हते. त्याच वर्षी सरकारी खजिन्यात त्यांना मोठे पद मिळाले आणि देशाच्या नोटांवर त्यांची सही छापली जाऊ लागली. १८९८ साली ते निवर्तले.

ब्रूस यांनी आपल्या एकुलत्या एका मुलाचे नाव ठेवले होते — रॉस्को कॉन्क्लिंग.

स्वाध्याय
१. शपथविधीच्या वेळी कोणती रीत मोडली गेली? का?
२. ब्रूस यांनी मुलाचे नाव रॉस्को कॉन्क्लिंग का ठेवले असावे?
३. वाक्यात उपयोग करा : जागचे न हलणे, विश्वास संपादन करणे.