टिटवी दुप्पट, प्रकाश पाव

उन्हाळ्यात माळावर टिटवीची अंडी तुमच्यापैकी काहींनी पाहिली असतील. घरटे असे नसतेच. खड्यांमधल्या जराशा खोलगट जागेत मातकट, ठिपक्यांची तीन-चार अंडी असतात, झाले. त्यांच्यावर बसलेल्या टिटवीचे छायाचित्र घ्यायचे आहे. ती ३५ मीटरवर आहे, तिची लांबी सुमारे ३५ सें.मी. आणि आपल्याजवळ ३०० मि.मी. नाभीय अंतराचे टेलिफोटो भिंग आहे. प्रतिमा केवढी पडेल? वस्तू इतकी दूर असली की प्रतिमा जवळजवळ नाभीपाशीच पडते. म्हणून समरूप त्रिकोणांवरून ३०० × ०.३५ ÷ ३५ = ३ मि.मी.! कॅमेऱ्याची चौकट ३६ मि.मी. रुंद, आणि तिच्यात टिटवी एवढीशी.

पुढे जाऊन अंतर निम्मे केले तर प्रतिमा दुप्पट होईल, प्रकाशही कमी होणार नाही. भौतिकशास्त्राला हा उपाय एकदम मान्य आहे, टिटवीला नाही. ती ओरडत उठते आणि तिच्या सावलीतली अंडी उन्हात उघडी पडतात. (कडक उन्हात ती पोटाची पिसे पाण्यात भिजवून आणते व अंडी थंड ठेवते. आपण तिथे उभे राहिलो तर हे सारे थांबते.) तेव्हा आहोत तेथूनच प्रतिमा मोठी करायला हवी.

त्यासाठी टेलिकन्व्हर्टर. मुख्य भिंग आणि कॅमेरा यांच्यामध्ये बसवायचे हे एक आखूड नळकांडे. आत अनेक भिंगे असली तरी सर्वांचे मिळून काम एका अंतर्गोल भिंगाचे असते. तुम्ही म्हणाल, अंतर्गोल भिंगाने तर वस्तू लहान दिसते! खरे आहे; पण येथे त्याच्यावर पडणारे किरण आधीच एकत्र येण्याच्या वाटेवर असतात. ते जेथे मिळणार त्याच्या ५० मि.मी. अलीकडे १०० मि.मी. नाभीय अंतराचे अंतर्गोल भिंग ठेवले, असे समजा. भिंगाच्या सूत्रात वस्तूचे अंतर +५० आणि नाभीय अंतर −१०० घाला. प्रतिमेचे अंतर +१०० येते, म्हणजे विशालन २. दुर्बिणीत हीच युक्ती इंग्रज गणिती पीटर बार्लो (१७७६–१८६२) यांच्या नावाने ओळखली जाते.

टिटवी आता ६ मि.मी. झाली. पण पुढचे भिंग रुंद झाले का? आपले भिंग एफ/४ चे, म्हणजे प्रकाशद्वाराचा व्यास ३०० ÷ ४ = ७५ मि.मी. तो तेवढाच राहिला. तोच प्रकाश चौपट क्षेत्रफळावर पसरला. भिंग एफ/८ झाले. जेथे १/१००० सेकंद पुरत होता तेथे १/२५० सेकंद लागणार.

माझी पहिली फजिती येथेच झाली. बसलेली टिटवी छान आली, उडालेली मात्र निव्वळ करडा फराटा! हिशेब नंतर केला. प्रतिमा दुप्पट वेगाने सरकते आणि चौपट वेळ सरकते, म्हणून फराटा आठपट लांब. टिटवीही दुप्पट झाली, तेव्हा तिच्या मानाने चौपट. हाताच्या थरथरीलाही हेच लागू, म्हणून तिवई हवीच. कॅमेऱ्याची संवेदनशीलता वाढवून वेळ कमी करता येतो, पण मग चित्र रवाळ होते.

मग साधे चित्र कापून मोठे केले तर काय बिघडले? चौकटीच्या रुंदीत ६००० बिंदू असतील तर ३ मि.मी.मध्ये ५०० मावतात, ६ मि.मी.मध्ये १०००. म्हणून पिसांचे बारकावे कन्व्हर्टरने अधिक मिळतात, पण मुख्य भिंग चांगले असेल तरच. त्याचे दोषही दुप्पट होऊन उमटतात. सामान्य भिंगाला कन्व्हर्टर लावणे मला तरी पैशाचा अपव्यय वाटतो.

१.४ पटीचाही कन्व्हर्टर मिळतो. १.४ चा वर्ग सुमारे २, म्हणून प्रकाश निम्मा आणि वेळ १/५०० सेकंद. टिटवी ४.२ मि.मी. होते, फराटा तिच्या मानाने दुप्पटच. अंड्यांवर स्थिर बसलेल्या टिटवीसाठी मी दुपटीचा लावतो, तळ्याकाठी उडणाऱ्या पक्ष्यांसाठी हा.