कपाटाची किल्ली

राळेगणसिद्धी, तालुका पारनेर,
आश्विन शुद्ध दशमी

चिरंजीव माधव,

तुझे पत्र पोचले. वाचलेल्या एका पुस्तकास एक चांदणी आणि दहा चांदण्यांस एक कंपासपेटी हा तुझा बेत आषाढात कसा भरास आला, आणि पेट्या संपताच पोरांची पावले शाळेतल्या पुस्तकांच्या कपाटाकडे वळेनाशी कशी झाली, ही हकीकत तू इतक्या प्रांजळपणे लिहिली आहेस की, तुला बोल लावण्याऐवजी माझ्याच जुन्या दप्तरातील एक प्रकरण तुझ्यापुढे उघडावे असे वाटले.

मी मुख्याध्यापकी करीत होतो त्या काळी उशिरा येणाऱ्या मुलांवर रोज आठ आणे दंड बसवण्याचा हुकूम मी काढला. पंधरवड्याच्या आत एक बागायतदाराचा मुलगा पाच रुपयांची नोट घेऊन माझ्या टेबलापाशी आला आणि अत्यंत अदबीने म्हणाला, "गुरुजी, दहा दिवसांचा आगाऊ जमा करून घ्या." त्या क्षणी मला हसू आले नाही, राग आला, पण त्या पोराने जे ओळखले होते ते ओळखायला मला वर्षे लागली. उशिराची लाज होती तिथे मी उशिराची किंमत ठरवून दिली होती, आणि किंमत चुकती केली की माणूस ऋणातून मोकळा होतो. पुढे वाचनात आले की, इस्रायलमधील हायफा शहरातल्या दहा पाळणाघरांपैकी सहांत, मुलांना न्यायला उशिरा येणाऱ्या पालकांवर असाच दंड बसवून पाहिला होता, तेव्हा उशीर करणाऱ्यांची संख्या जवळजवळ दुप्पट झाली आणि दंड उठवल्यावरही ती खाली आली नाही. ग्नीझी आणि रुस्तिचिनी या दोघांनी २००० साली तो शोधनिबंध प्रसिद्ध केला. माझा हुकूम त्याच्या कितीतरी आधीचा. परंतु निबंध लिहिण्याची बुद्धी मला झाली नाही, मी वसुलीच करीत बसलो.

इनामाचीही तीच गत. १९७३ साली लेपर, ग्रीन आणि निस्बेट यांनी अमेरिकेतल्या एका बालवाडीत, ज्यांना चित्रे काढण्याची मुळातच गोडी होती अशी मुले निवडली. काहींना चित्र काढल्यास प्रशस्तिपत्र मिळेल असे आधी कबूल केले, काहींना काही न सांगता नंतर तेच पत्र अवचित दिले, आणि उरलेल्यांना काहीच दिले नाही. दोन आठवड्यांनी मोकळ्या वेळात पाहिले तर ज्यांच्याशी आधी करार झाला होता तीच मुले रंगांकडे निम्म्याने कमी वळत होती, अवचित पत्र मिळालेल्यांची गोडी मात्र शाबूत होती. यातला बारकावा ध्यानात घे: बक्षीस विषारी नव्हे, आगाऊ सौदा विषारी. आणि तोही सर्वत्र नव्हे. ज्या कामात मुळातच रस नाही, उदाहरणार्थ हजेरीपट नकलून काढणे, त्याला मोबदला दिल्याने काही बिघडत नाही, कारण बिघडण्यासारखे तिथे काही नसतेच.

तू म्हणशील, मामा परदेशातल्या बालवाडीचे दाखले देतो आणि स्वतः राहतो राळेगणात. तर उंबऱ्याबाहेरचे ऐक. १९७५ साली किसन बाबूराव ऊर्फ अण्णा हजारे लष्करातली नोकरी संपवून या अवर्षणग्रस्त गावी परतले तेव्हा हातभट्ट्या तिसांहून अधिक, आणि यादवबाबांच्या देवळाचे लाकूडदेखील भट्ट्यांच्या चुलीत गेलेले. अण्णांनी फंडाची रक्कम देवळाच्या जीर्णोद्धारास लावली. कोणाला मजुरी कबूल केली नाही, तरी हळूहळू माणसे लाकूड घेऊन, अंगमेहनत घेऊन येऊ लागली. पुढे नालाबांध, पाझर तलाव, शाळेची इमारत, यांत श्रमदान आले. सरकारी योजनांचा पैसाही आला, तो नाकारण्याचा सोवळेपणा इथे कोणी केला नाही. पण कोणता बांध कुठे घालायचा हे ग्रामसभेत ठरे, आणि आपण ठरवलेल्या बांधाची माती वाहताना माणूस निराळा वाकतो.

इथली दुसरी बाजूही लपवीत नाही. दारू पिऊन येणाऱ्यांना खांबाला बांधून फटके दिल्याचे खुद्द अण्णांनीच जाहीरपणे सांगितले आहे, आणि त्याचे समर्थनही केले आहे. मला ते कधी पटले नाही. भट्टीवाल्यांनी देवळातल्या बैठकीनंतर आपण होऊन भट्ट्या मोडल्या, आणि विहिरींना पाणी आल्यावर हाताला काम लागले, यातच नशाबंदीचे मूळ आहे असे माझे मत. पट्ट्याने माणूस शिवेच्या आत पिणे सोडतो. शीव कुठे आहे हे त्याला चांगले ठाऊक असते.

एडवर्ड डेसी आणि रिचर्ड रायन या मानसशास्त्रज्ञांनी माणसाच्या मनाच्या तीन गरजा सांगितल्या आहेत: स्वतः निवडल्याचे समाधान, आपल्याला जमते ही प्रतीती, आणि आपली माणसे. आमच्या संत निळोबाराय विद्यालयात इतरत्र नापास झालेल्या मुलांना मुद्दाम प्रवेश देत आले. अशा पोराला पहिल्या दोन गोष्टींची ओळखच उरलेली नसते. त्याला बक्षिसाचे आमिष दाखवणे म्हणजे उपाशी माणसाला अत्तर लावण्यासारखे. आधी त्याला कशात तरी, मग ते कवायतीत का असेना, "मला येते" असे वाटले पाहिजे.

आता तुझ्याविषयी. पत्राच्या शेवटी "मी शिक्षक व्हायला नालायक आहे" असे वाक्य आहे. अल्बर्ट एलिस यांची विवेकनिष्ठ विचारपद्धती कि. मो. फडके यांनी मराठी वाचकांपर्यंत आणली. त्यांची पुस्तके तू अवश्य मिळव. योजना फसली ही घटना झाली, तू नालायक आहेस हा त्या घटनेवर तू स्वतः लिहिलेला निकाल, आणि तोही एकतर्फी, साक्षीपुरावा न घेता. उदास वाटणे रास्त आहे. चार दिवस वाटू दे. निकाल मात्र रद्द कर.

एक गोष्ट तू ओझरती लिहिलीस, ती मी दोनदा वाचली. पेट्या संपल्यावरही चौथीतली एक मुलगी मधल्या सुट्टीत कपाटापाशी येऊन उभी राहते, आणि तू तेव्हा तिथे नसल्यामुळे बहुधा तशीच परतते. कपाटाची किल्ली कोणाकडे असते? तुझ्याकडे असेल तर ती तिच्या हवाली कर, नोंदवही मुलांनाच ठेवू दे, चांदण्यांचा तक्ता भिंतीवरून उतरवून ठेव. दिवाळीच्या सुट्टीत येशील तेव्हा ती नोंदवही बरोबर आण. पुस्तके हरवली असतील तर किती हरवली तेही सांग. तुझी मामी म्हणते, दहापाच तर जाणारच.

तुझा,
मामा