घराजवळ, पण रस्त्यापासून लांब

वेताळ टेकडी पुण्याच्या मधोमध आहे. एका अंगाला लॉ कॉलेज रस्ता, दुसऱ्या अंगाला पाषाण, खाली कोथरूड आणि गोखलेनगर. माथ्यावर उभं राहिलं की चहूकडे इमारतीच इमारती. तरीही वर हात मोडून बसलेल्या माणसाला गाडीपर्यंत आणायला अर्धा-पाऊण तास सहज जातो. घराजवळच्या टेकड्यांवर आणि तळ्याकाठी सायकल घालणाऱ्यांना माझं पहिलं सांगणं हेच: घर किती लांब ते मोजू नका, गाडी कुठपर्यंत येते ते बघा.

हे मला भाच्यामुळं नीट कळलं. पाऊस ओसरला होता, गवत कमरेएवढं वाढलं होतं. खाणीच्या बाजूनं तो उतरत होता, मी मागं. त्याची सायकल मित्राकडून आणलेली, परदेशी पद्धतीनं जोडलेली. आपल्याकडच्या बहुतेक सायकलींना उजव्या मुठीत पुढचा ब्रेक असतो आणि डाव्या मुठीत मागचा. त्या सायकलीला नेमकं उलट होतं. सपाटीवर त्याला काही जाणवलं नाही. उतारावर त्यानं सवयीनं डावी मूठ आवळली, पुढचं चाक जागीच थांबलं आणि पोरगं हँडलवरून पुढं गेलं. "आत्या, ब्रेक उलटे आहेत गं!" हे त्यानं पडल्यावर सांगितलं. मनगट तोवर सुजायला लागलं होतं.

दुसऱ्याची, भाड्याची किंवा नुकतीच दुरुस्त करून आणलेली सायकल असेल तर निघण्याआधी ती हातात धरून ढकला आणि एकेक मूठ दाबून बघा. कोणतं चाक थांबतं ते डोळ्यांनी दिसतं. याला मिनिटभरही लागत नाही.

भाच्याच्या पडण्यात ब्रेकइतकाच त्या उताराचाही हात होता. आपल्या टेकड्या बेसॉल्टच्या. वरचा दगड झिजून त्याचा मुरूम होतो आणि तो खालच्या टणक कातळावर सांडलेल्या ज्वारीसारखा सुटा पडून राहतो. अशा जागी पुढचा ब्रेक जोरात लावला की चाक घसरणारच. बूड सीटवरून किंचित उचलून मागं न्यावं, कोपर सैल ठेवावेत, वेग उताराच्या आधीच कमी करावा आणि उतारावर दोन्ही ब्रेक हलके-हलके दाबत यावं. वळण घेताना तर ब्रेकला हातच लावू नये. जे थांबायचं ते वळणाआधी.

एकच वाट ऋतूप्रमाणे बदलते, हे टेकडीवर रोज चालणाऱ्यांना ठाऊक असतं, पण सायकलवाल्यांच्या लक्षात येत नाही. पावसाळ्यात उघड्या कातळावर शेवाळ धरतं. तिथं टायर कितीही चांगला असो, उतरून चालावं. पाऊस थांबल्यावर मुरमाची वाट लवकर निचरते, पण काळ्या मातीची वाट चाकांना चिकटते, ब्रेकमध्ये भरते. ओल्या वाटेवर सायकल घातली की चाकोरी पडते, पुढच्या सरीचं पाणी त्याच चाकोरीतून धावतं आणि वर्षभरात वाटेची घळ होते. म्हणून मोठ्या पावसानंतर एक-दोन दिवस टेकडीला सुट्टी द्यावी. सप्टेंबर-ऑक्टोबरात गवत दगड आणि खड्डे झाकतं, घोणसही त्यातच असते; मळलेली वाट सोडून गवतात शिरू नये. उन्हाळ्यात जमीन कोरडी असते, मुरूम सर्वांत सुटा असतो, आणि नऊनंतर डोक्यावर सावली नसते.

काट्यांचा मात्र बारमाही मुक्काम. हेकळ, बाभूळ आणि बोर यांचे काटे वाळून वाटेवर पडतात. शहरात कोपऱ्याकोपऱ्यावर पंक्चरवाला असतो, टेकडीवर कुणी नसतो. पंप, एक जादा ट्यूब आणि टायर काढायच्या दोन पट्ट्या पिशवीत असाव्यात. पंक्चर झाल्यावर नुसती ट्यूब बदलून उपयोग नाही. टायरच्या आतून कापड फिरवून काटा शोधायचा, कारण त्याचं टोक आतच राहिलेलं असतं आणि नवी ट्यूबही तेच फोडतं. हवा किती भरायची ते टायरच्या कडेवर छापलेलं असतं. खडबडीत वाटेवर त्यातल्या खालच्या आकड्याकडं झुकावं, टायर जमिनीला जास्त धरून राहतो. पण अगदी खालच्याही खाली गेलात तर दगडावर आपटून ट्यूब रिमखाली चिमटते.

आता त्या दिवशीचं पुढचं. १०८ ला फोन लावला की पहिला प्रश्न येतो, "कुठं आहात?" 'वेताळ टेकडीवर' हे उत्तर पुरेसं नसतं. टेकडीला वाटा अनेक आणि गाडी येईल अशा जागा मोजक्या. फिरायला आलेल्या एका आजोबांनी भाच्याचा हात माझ्या ओढणीनं गळ्यात बांधला आणि म्हणाले, "ताई, पंचवटीकडं उतरू नका, पायऱ्या-दगड आहेत. एआरएआय संस्थेच्या अंगाला चला, तिथवर गाडी येते." त्यांच्या त्या एका वाक्यानं आमची उतरण सोपी झाली. तेव्हापासून नव्या टेकडीवर मी आधी गाडी पोचेल अशा दोन जागा बघून ठेवते. देऊळ, खाण, मनोरा अशा खुणा लक्षात ठेवते आणि घरी कोणत्या वाटेनं चालले आहे ते सांगून निघते. मोबाइलवरून ठिकाण पाठवता येतं हे खरं, पण खाणीच्या खोलगट भागात रेंज जाते.

वेळेचंही तसंच. पुण्यात जानेवारीत सूर्य सातनंतर उगवतो, मे महिन्यात सहाच्या सुमाराला. "सहाला निघू" हा बेत मे महिन्यात उजेडाचा आणि जानेवारीत मिट्ट काळोखाचा असतो. पुढं पांढरा, मागं लाल दिवा लावावाच. अंधार पडल्यावर निर्जन वाटेवर एकट्यानं राहू नये. हे बायकांना तर सांगायलाच नको, पण पुरुषांनीही ऐकावं.

सकाळची टेकडी चालणाऱ्यांची असते. तिथं आजी-आजोबा असतात, लहान पोरं असतात, कुणाच्या कानात गाणी असतात. लांबून घंटी वाजवावी, वेग चालण्याएवढा करावा, अरुंद जागी सायकल हातात घ्यावी. काही भागांत सायकलला मनाई असते, काही दारं ठरावीक वेळेलाच उघडतात. वनखात्याचा फलक वाचून मगच आत जावं. कुत्री मागं लागली तर सायकल पळवू नका. उतरा, सायकल मध्ये धरा, सावकाश मागं सरका. चावलंच तर जखम साबणानं वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी लस घ्या. कुत्रा पाळीव होता म्हणून टाळू नका.

सुरुवात कुठून करावी, असं मला बरेच जण विचारतात. आपल्या परिसरातल्या गल्ल्या आणि प्रवेश असेल तर विद्यापीठाचे झाडीतले रस्ते, मग पाषाण तळ्याची बाजू, मग पहाटेची खडकवासल्याची फेरी. हे जमलं की टेकडी. सिंहगड सर्वांत शेवटी. तो सुमारे १३०० मीटर उंच आहे आणि घाट आठ-नऊ किलोमीटरचा. चढण दम काढते, पण धोका उतरताना असतो: ब्रेक सतत दाबून धरले की रिम तापते, रविवारी गाड्यांची रांग असते आणि पावसाळ्यात दरड येते. ब्रेक दाबा-सोडा करत, मध्ये थांबून या, आणि घाट बंद असल्याचं कळलं तर वाद न घालता माघारी फिरा.

टेकडीवर सायकल नेण्याआधी तीच वाट एकदा पायी उतरून बघा. जिथं चालताना हात टेकावासा वाटेल, तिथं सायकलवरून उतरायचं.