मजुरी, कर आणि आपला ऊस



तोडणीचा दर वाढला की बिलातून कपात वाढते, म्हणून आपण कुरकुरतो. या हिशेबाची दुसरी बाजूही पाहू.

१) किमान वेतनाचा कायदा १९४८ चा. तरी खानदेशात अखाजीला ठरलेला सालदार मालक देईल त्यावर वर्षभर राबायचा. १९७२ पासून तेव्हाच्या धुळे जिल्ह्यात, शहादा भागात, श्रमिक संघटनेने आदिवासी मजूर एकत्र केले, तेव्हा कुठे कायद्यातल्या मजुरीची बोलणी सुरू झाली.

२) रोजगार हमीसाठी राज्याने १९७५ साली व्यवसाय कर बसविला. शहरातल्या पगारदाराच्या पैशातून खेड्यात पाझर तलाव, बांधबंदिस्ती झाली. २६ जानेवारी १९७९ पासून हमीचा कायदा लागू झाला. दुसरीकडे काम मिळते म्हटल्यावर मजुराला कमी रोजाला ‘नाही’ म्हणता येऊ लागले.

३) आपल्या शेती उत्पन्नावर केंद्राचा आयकर नाही. पण साबण, चपला घेताना मजूरही आपल्याइतकाच कर भरतो. कमाईच्या मानाने त्याचे ओझे जास्त.

४) नवरा-बायको मिळून एक कोयता. मजुरी टनावर, आणि त्यातून आधी उचल फिटते. समान वेतनाचा कायदा १९७६ साली झाला, पण बाईचा वाटा वेगळा लिहिलाच जात नाही.

तरी येत्या हंगामात एवढे करा : वजनाची पावती टोळीला वाचून दाखवा आणि नोंदीत बाईचेही नाव घालायला सांगा. टोळी अर्ध्यातून उठून गेली, तर फडात वाळणारा ऊस आपलाच असतो.