गाडीचा उंबरा

पावसात विळा अंगणात विसरला, तर काय होते? दोन दिवसांत त्यावर तांबूस थर चढतो. बोट फिरवले की बोटाला लागतो. हाच गंज.

लोखंड, पाणी आणि हवा ही तिन्ही एकत्र आली की गंज धरतो. पाणी आणि हवा लोखंडापासून दूर ठेवली, तर गंज धरत नाही. म्हणून काम संपले की शेतकरी नांगराचा फाळ पुसतो, त्याला तेल लावतो आणि मग ठेवून देतो. समुद्राकाठी गंज लवकर धरतो. तिथल्या वाऱ्यात मीठ असते. मिठामुळे गंजाचे काम जोरात चालते.

मोटारीचे अंगही लोखंडी पत्र्याचेच असते. फाळाला जो नियम, तोच मोटारीला. कोकणातल्या एका मामांना हे कसे पटले, ते पाहू.

मामांची पद्मिनी

मामा मुंबईत टॅक्सी चालवत. त्यांची टॅक्सी काळी-पिवळी पद्मिनी होती. ही गाडी मुंबईत कुर्ल्याच्या कारखान्यात तयार होई. १९६४ साली ती फिएट ११०० डिलाइट या नावाने निघाली. पुढे तिचे नाव प्रीमियर पद्मिनी झाले. आता ती तयार होत नाही. मुंबईची शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये बंद झाली.

मामा गावी परतले. येताना त्यांनी एक जुनी, पांढरी पद्मिनी विकत आणली. दहा पावसाळे ती माडाखाली उभी राहिली.

मग मुलीचे लग्न ठरले. वैशाखातला मुहूर्त धरला. मामांच्या मनात आले, लेक याच गाडीतून सासरी जाईल.

गाडीच्या दाराखाली रंगाला फोड आले होते. एक रंगारी म्हणाला, "मामा, चार दिवसांत गाडी नवी करून देतो. फोड घासतो, लांबी भरतो, वर रंग मारतो." लांबी म्हणजे खड्डे बुजवायचा लगदा. मामा खूश झाले. पण मामी म्हणाल्या, "अहो, आधी पत्र्याच्या मिस्त्रींना दाखवा. मग काय ते ठरवा."

पेचकस आत गेला

मिस्त्री आले. ते गाडीखाली वाकले. दाराखाली पत्र्याची एक लांब, पोकळ पेटी असते. गॅरेजात तिला सिल म्हणतात. आपण तिला गाडीचा उंबरा म्हणू. मिस्त्रींनी फोडाजवळ पेचकस टेकवला आणि दाबला. पेचकस सरळ आत गेला. भोकातून लाल भुसा खाली पडला.

मामा म्हणाले, "वरून तर चांगला दिसत होता!"

मिस्त्री म्हणाले, "मामा, वाळवी लागलेला उंबरासुद्धा वरून चांगलाच दिसतो. गंज लोखंडापेक्षा जास्त जागा घेतो. तो फुगतो आणि रंगाला वर उचलतो. बाहेर फोड दिसला, म्हणजे आतलं काम कधीच झालेलं असतं."

"मग त्यात लांबी भरली तर?"

"लांबी ओल धरते. तिच्याखाली गंज वाढतच राहतो. एखाद-दोन पावसाळ्यांत फोड परत येतील. आणि दुसरी गोष्ट ऐका. जीपला खाली वेगळी भक्कम चासी असते. सगळा भार ती उचलते. पद्मिनीला तशी चासी नाही. तिचं अंग हाच तिचा सांगाडा. हा उंबरा म्हणजे तिचं हाड आहे."

मामा जरा गप्प राहिले. मग म्हणाले, "मिस्त्री, एका दिवसाचा तर प्रश्न आहे. जायचं आणि यायचं."

"पाच माणसं बसली आणि गाडी खड्ड्यात आदळली, तर ती मधेच वाकेल. बाजूने धडक बसली, तर आतल्या माणसाला हा उंबरा राखतो. लांबी कुणाला राखत नाही."

मामी दारात उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, "माझी पोर या गाडीत बसायची नाही. गाडी सावकाश नीट करा. लग्नाला दुसरी गाडी बघू."

लेक शेजाऱ्यांच्या जीपमधून सासरी गेली. मामांना वाईट वाटले. पण लग्न आटोपताच त्यांनी काम सुरू करवले.

आधी नासका भाग काढला

मिस्त्रींनी प्रथम बॅटरी काढली. पेट्रोलची टाकी उतरवून दूर नेली. रिकाम्या टाकीतही पेट्रोलची वाफ असते. ठिणगी पडली तर ती भडकते. सीट आणि चटया बाहेर काढल्या. जवळ पाण्याची बादली आणि वाळू ठेवली.

गाडी भक्कम लोखंडी घोड्यांवर ठेवली. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कधीही शिरू नये.

मग दाराच्या चौकटीत लोखंडी नळी आडवी जोडली. उंबरा कापला की गाडी मधे खचू शकते. मग दार लागत नाही. म्हणून आधी आधार दिला, मापे घेतली आणि एका वेळी एकच बाजू कापली.

नासका आंबा कापताना आपण थोडा चांगला भागही कापतो. मिस्त्रींनी तसेच केले. चकचकीत, जाड पत्रा लागेपर्यंत त्यांनी कापले. जुन्या पत्र्याच्या जाडीचाच नवा पत्रा घेतला. नवा तुकडा बसवून वेल्डिंग केले. पण एका दमात नाही. गोधडीला आधी दूरदूर टाके घालतात, तसे एक टाका इथे, दुसरा तिथे, असे घातले. मधे पत्रा निवू दिला. पातळ पत्रा एका जागी फार तापला की वाकडा होतो. काम करताना डोळ्यांवर चश्मा आणि हातांत मोजे होते.

मग गंजाची वाट बंद केली

कापलेल्या उंबऱ्यात मूठभर माती निघाली. मिस्त्रींनी ती मामांच्या हातावर ठेवली.

"मामा, हे तुमच्या गंजाचं मूळ. उंबऱ्याच्या तळाला कारखान्यातच बारीक भोकं पाडलेली असतात. आत गेलेलं पाणी त्यांतून खाली जातं. मातीनं ती बुजली. मोरीचं भोक बुजलं की मोरी तुंबते. तुमचा उंबरा दहा पावसाळे तुंबलेला होता."

दारांच्या तळाशीही अशीच भोके असतात. मिस्त्रींनी सगळी भोके तारेने मोकळी केली.

आसपासचा गंज तारेच्या ब्रशने घासला. बारीक खड्ड्यांत उरलेल्या गंजाला गंज काढायचे आम्ल लावले, धुतले आणि पत्रा पूर्ण वाळवला. त्याच दिवशी जस्ताचे अस्तर लावले. उघडा पत्रा समुद्राच्या वाऱ्यात एक रात्रही ठेवू नये. जस्ताचा एक गुण आहे. ते आधी स्वतः झिजते आणि लोखंडाला वाचवते.

सांधे मसाल्याने बुजवले. मग रंग दिला. शेवटी उंबऱ्याच्या पोकळीत बारीक नळीने पातळ मेण फवारले. हे मेण यासाठी वेगळे मिळते. ते सांध्यांत शिरते आणि पाण्याला अडवते. मेण वेल्डिंगनंतरच मारायचे. आधी मारले तर ते पेट घेते. काही लोक इंजिनचे जळके तेल मारतात. तसे करू नये. ते कातडीला वाईट, रबराला वाईट, आणि गळून मातीत व विहिरीत जाते.

आता मामा काय करतात?

मृग लागण्याआधी काम पुरे झाले. श्रावणात लेक माहेरी आली. मामांनी तिला याच गाडीतून आणले. दुरुस्त केलेल्या जागी रंग जरा वेगळा दिसतो. कुणी विचारले तर मामा म्हणतात, "दिसू दे. आत पत्रा आहे, लांबी नाही."

आता गाडी माडाखाली नसते. तिला चारी बाजूंनी हवा खेळेल अशी शाकारलेली पडवी केली आहे. ताडपत्रीत ती घट्ट गुंडाळत नाहीत, कारण आत ओल कोंडते. किनाऱ्यावरून आली की गाडी खालूनही गोड्या पाण्याने धुतात. पावसाळ्याआधी मामा हातात तार घेऊन खाली बसतात आणि एकेक भोक मोकळे करतात. या कामाला एक पैसाही लागत नाही.

लक्षात ठेवा

रंगाचा फोड म्हणजे गंजाची शेवटची खूण.
नासका पत्रा झाकू नका, कापून काढा.
पाणी आत जाणारच. त्याला बाहेर यायची वाट ठेवा.

प्रश्न

१. गंज कशामुळे धरतो?
२. लेकीला पद्मिनीतून पाठवायला मामींनी नकार का दिला?
३. उंबऱ्याच्या तळाची भोके कशासाठी असतात?
४. तुमच्या घरात पाणी साचून गंजणारी वस्तू कोणती? आज ती उलटून पाहा.