सर्च कन्सोलमधील मालकी पुन्हा सिद्ध करताना



गूगलच्या ज्या साधनाचे वेबमास्टर टूल्स हे नाव 2015 मध्ये बदलून सर्च कन्सोल झाले, त्यातील मालकीची पडताळणी रद्द झाली की संकेतस्थळच शोधातून गळाले, असा नवख्याचा समज होतो. वस्तुतः शोधातील क्रमाशी पडताळणीचा संबंध नसून, बंद होते ती केवळ आकडे पाहण्याची व सूचना देण्याची मुभा. म्हणून पडताळणीची नवी खूण घाईने डकवण्याआधी जुनी का गेली, हे शोधावे.

प्रत्येक मालकाच्या खात्याला एक सांकेतिक अक्षरमाला मिळते, तीच ही खूण; तिला टोकन म्हणतात. ते जागेवर आहे की नाही हे गूगल अधूनमधून तपासते आणि न सापडल्यास काही मुदतीनंतर हक्क काढून घेते. पडताळणी झाली, आता टोकनचे काम संपले, असे मानून ते पुसणारे पुष्कळ असतात. वर्डप्रेसची थीम बदलली की मुखपृष्ठाच्या हेड भागात, म्हणजे वाचकाला न दिसणाऱ्या पण यंत्राने वाचायच्या मजकुरात, हाताने घातलेला मेटा टॅग नाहीसा होतो; सर्व्हर बदलताना पडताळणीची एचटीएमएल फाइल निरुपयोगी समजून मागेच राहते.

या दोन्ही अपघातांतून वाचते ती डीएनएसमधील, म्हणजे डोमेनचा पत्ता सांगणाऱ्या नोंदींतील, टीएक्सटी नोंद, आणि म्हणूनच ती सर्वांत भरवशाची. मात्र या नोंदी सांभाळणारे नेमसर्व्हर बदलले तर तीही नव्या ठिकाणी पुन्हा लिहावी लागते आणि तिचा प्रसार होण्यास कधी काही तास, कधी एकदोन दिवसही जातात. डोमेनच जर संकेतस्थळ बनवून देणाऱ्याच्या खात्यावर नोंदलेले असेल (लहान संस्थांत हा गैरप्रकार सर्रास चालतो), तर आधी ते स्वतःकडे घेणे अटळ आहे.

हक्क परत मिळताच मालकांची यादी तपासावी. काम सोडून गेलेल्या माणसाचे नाव काढणे पुरेसे नसते, कारण त्याचे टोकन संकेतस्थळावर उरले असेल तर तो पुन्हा मालकी सिद्ध करू शकतो. उलट, अनोळखी दिसणारे प्रत्येक टोकन पुसल्यास चालू सहकाऱ्याचाही हक्क जातो. पडताळणी झालेला एकही मालक उरला नाही, तर मालकांनी परवानगी दिलेले सर्वच जण बाहेर पडतात. तेव्हा कोणते टोकन कोणाचे, हे यादीशी जुळवूनच पुसापुशीस हात घालावा.