तिकीट काढण्याआधी, छोटी

छोटी, महाशिवरात्रीला गायमुखच्या यात्रेला येते आणि होळी करूनच परत जाते, असं तू आईला फोनवर सांगितलंस. आईनं अर्ध्या आंबागडला सांगूनही टाकलं. तुझा आवाज इतका आनंदात होता, म्हणून मी तेव्हा मध्ये बोलले नाही. पण तिकीट काढण्याआधी हे एवढं वाच. तुमसरला सीएच्या ऑफिसात मी दिवसभर लोकांची विवरणपत्रं भरते, आणि घरच्या पोरीला वेळेवर सांगितलं नाही तर त्या कामाचा उपयोग काय?

तुला वाटतं, नोकरी लीड्सची, पगार पौंडात, कर तिथेच कापला जातो, मग भारताचा काय संबंध? आहे संबंध. आयकर खातं तू कुठली रहिवासी हे ठरवताना व्हिसा बघत नाही. १ एप्रिल ते ३१ मार्च या वर्षात तू भारतात किती दिवस होतीस, ते मोजतं. नोकरीसाठी देश सोडणाऱ्या भारतीय नागरिकाला त्या वर्षापुरती १८२ दिवसांची मर्यादा आहे. १८२ भरले की तू इथली रहिवासी, आणि तुझ्यासारखी व्यक्ती आजवर इथेच राहिलेली असेल तर जगात कुठेही कमावलेला पैसा इथल्या विवरणपत्रात दाखवावा लागतो.

आता तुझा हिशेब कर. तू १० सप्टेंबरला निघालीस. एप्रिलचे ३०, मेचे ३१, जूनचे ३०, जुलै-ऑगस्टचे ६२ आणि सप्टेंबरचे १०. झाले १६३. म्हणजे ३१ मार्च २०२६ पर्यंत तुझ्या हाती १८ दिवस आहेत, एकोणिसावा नाही. उतरायचा दिवस आणि निघायचा दिवस, दोन्ही धरायचे. यावर वाद घालणारे आहेत, पण तू धरूनच चाल. महाशिवरात्र १५ फेब्रुवारीला. तू १३ तारखेला उतरलीस तर अठरावा दिवस येतो २ मार्चला. आणि मुंबईहून रात्री दोनला सुटणारं विमान तिकिटावर ३ मार्चचं असतं, हे विसरू नको. होळी मार्चच्या पहिल्याच आठवड्यात आहे, म्हणजे होळीपर्यंत थांबलीस की गेलीस १८२ च्या पलीकडे. विमान रद्द होतं, आई आजारी पडते, काहीही होऊ शकतं. म्हणून माझं म्हणणं, २६-२७ फेब्रुवारीलाच निघ. मन भरलं नाही तर एप्रिलमध्ये परत ये. १ एप्रिलला नवं वर्ष सुरू होतं आणि मोजणी शून्यापासून. तेव्हा तू नुसती भेटीला आलेली असशील, आणि भेटीला येणाऱ्या भारतीय नागरिकालाही १८२ च दिवसांची मर्यादा आहे. इथलं उत्पन्न १५ लाखांच्या वर गेलं तर मात्र ती १२० वर येते. तो प्रश्न आपल्या घराला नाही. त्याच १ एप्रिलपासून २०२५ चा नवा आयकर कायदा लागू होतोय, पण दिवसांची ही रीत त्यातही तशीच ठेवलीय.

मर्यादा ओलांडली तर आभाळ कोसळणार नाही, तेही सांगते. भारत आणि ब्रिटनमध्ये १९९३ चा करार आहे. तिथे भरलेल्या कराची वजावट इथे मिळते. दोन्ही देश ‘ही आमचीच’ म्हणाले तर कायमचं घर कुठे आहे, जवळचे संबंध कुठे आहेत, असं एकेक बघून तो करार निवाडा करतो. पण मग पगाराच्या स्लिपा, तिथल्या कराचे पुरावे, परदेशातलं बँक खातं, सगळं इथल्या विवरणपत्रात भरत बस. चार दिवसांच्या होळीसाठी हे कशाला ओढवून घेतेस? आणि अनिवासी झालीस तरी नागपूरच्या पाच महिन्यांच्या पगाराचा हिशेब राहतोच. बारा लाखांपर्यंत कर नाही, असं सगळीकडे ऐकतेस ना, ती सूट फक्त रहिवाशांना आहे. अनिवासीला ४ लाखांच्या पुढे कर लागतो. तुझा पगार त्याच्या आत बसतो का, ते मी नागपूरच्या पगाराच्या स्लिपा बघून सांगते.

दिवस मोजण्याची ही पाळी गोऱ्यांवरही आलीय. ब्रिटन युरोपीय संघातून बाहेर पडलं, २०२० संपलं, आणि स्पेनमध्ये घर घेतलेल्या इंग्रज म्हाताऱ्यांना व्हिसाविना १८० पैकी ९०च दिवस राहता येऊ लागलं. परवाना काढून तिथेच राहिले आणि कॅलेंडरच्या वर्षात १८३ दिवसांपेक्षा जास्त झाले, की स्पेन त्यांच्याकडून कर मागतो. ऑक्टोबर २०२५ पासून तिथल्या सीमांवर बोटांचे ठसे आणि फोटो घेऊन ही मोजणी यंत्रावर सुरू झालीय. सरकारकडे तुझ्या तारखा तुझ्यापेक्षा पक्क्या असणार आहेत. म्हणून तूही एक वही ठेव. त्यात ब्रिटनसाठी वेगळं पान कर, कारण त्यांचं वर्ष ६ एप्रिलला सुरू होतं आणि ते मध्यरात्र बघतात. रात्री बाराला तू तिथे असलीस तरच तो दिवस त्यांचा. एकाच प्रवासाचा आकडा दोन्ही पानांवर वेगळा येईल, घाबरू नको.

आता शेताचं. मला याचीच जास्त काळजी आहे, कारण हे तुला कोणी सांगणार नाही. शेतीच्या उत्पन्नावर आपल्याकडे आयकर नाही, त्यामुळे धानाचा पैसा कुठे दाखवायचा असतो हे आपल्या डोक्यातच येत नाही. ब्रिटनला ती माफी माहीत नाही. तिथली रहिवासी म्हणून, आंबागडच्या किल्ल्याखालच्या आपल्या बांधीतून तुझ्या वाट्याला जे येईल ते तिथलं करपात्र उत्पन्न आहे. परदेशातली कमाई ठेवायच्या एनआरई खात्याचं व्याजसुद्धा इथे माफ आणि तिथे नाही. ६ एप्रिल २०२५ पासून त्यांनी एक सवलत दिलीय. आधीची सलग १० वर्षं ब्रिटनची रहिवासी नसलेली व्यक्ती नव्यानं आली, तर पहिली ४ वर्षं परदेशी उत्पन्नावर कर नाही. तू त्यात बसतेस. पण ती मागावी लागते, आणि मागितली की त्या वर्षीची १२,५७० पौंडांची करमुक्त मर्यादा जाते. वीस टक्क्यांनी हिशेब केलास तर २,५१४ पौंडांचा जादा कर. आपल्या धानाच्या चार पैशांसाठी ही सवलत मागणं म्हणजे शुद्ध नुकसान. उत्पन्न सरळ दाखव. लहान रकमांसाठी तिथे दुसऱ्या सवलती आहेत, त्या तिथल्या जाणकाराला विचार.

आणि दादा तुझ्या पैशातून लगतची बांधी तुझ्या नावावर घ्यायची म्हणतोय, त्याला नाही म्हण. अनिवासीला शेतजमीन विकत घेता येत नाही, परकीय चलनाच्या फेमा कायद्यात बंदी आहे. आईला पैसे भेट म्हणून पाठव, तिच्या नावावर घेऊ दे. आईला त्यावर कर लागत नाही. वारशानं आलेल्या जमिनीची गोष्ट मात्र वेगळी. ‘आता ती विलायतवाली झाली, सातबाऱ्यावरून नाव काढा’ असं चावडीवर कुणी म्हटलं तर ते खोटं आहे. बाबांच्या जमिनीत तुझा हिस्सा आहे आणि अनिवासी झाल्यानं तो जात नाही. मी दादाच्या विरुद्ध बोलत नाहीये, तो राबतो म्हणून ती जमीन उभी आहे. पण यात्रेच्या गडबडीत कुणी हक्कसोडपत्र पुढे केलं तर सही करू नको. द्यायचंच असेल तर शांतपणे, आपण तिघं बसून ठरवू. त्यासाठी दुय्यम निबंधकाकडे नोंदणी लागते, घाईत होणारं काम नाही ते.

तुमसरचं तुझं बचत खातं अजून तसंच चालू आहे आणि त्याचं एटीएम कार्ड आईच्या डब्यात आहे. हे चालणार नाही. नोकरीला परदेशी गेलं की साधं बचत खातं एनआरओ, म्हणजे अनिवासीचं खातं, करावं लागतं. त्याच्या व्याजावर बँक तीस टक्के आणि वर उपकर कापेल. ब्रिटनकडून कर-रहिवासाचा दाखला मागवून दिलास तर करारामुळे पंधरा टक्क्यांवर येईल. आईचं नाव त्यात दुसरी खातेदार म्हणून लावता येतं आणि खातं चालवायला तिला मुखत्यारपत्र देता येतं, म्हणजे तिला तुझं कार्ड चोरून वापरल्यासारखं करावं लागणार नाही. आलीस की पहिल्याच सोमवारी आपण दोघी बँकेत जाऊ. येताना पासपोर्ट, व्हिसाचा कागद, तिथल्या पत्त्याचा पुरावा आणि दोन फोटो आण. नागपूरच्या पगाराच्या स्लिपा आजच पाठवल्यास तर बरं.